राखण

शुक्रवारी मैदान रिकामं असतं.
सतरा नंबरच्या गेटाचं कुलूप काढताना
डार्लीन कोवॅल्चिक म्हणते, पाय पुसून ये.
आत गवत आहे, म्हणून.

तीस हजार माणसांच्या पायऱ्या,
इथल्याच डोंगराचा दगड, मधोमध झिजलेला.
शंभर वर्षं लोक एकाच जागी पाय ठेवत आलेत
आणि प्रत्येकाला वाटलंय, आपण नवे.

बोगद्याच्या तोंडाशी भिंतीला ठोकलेला
पत्र्याचा जेवणाचा डबा, झाकण वाकडं.
कुणा खाणकामगाराचा.
गावातली तीन घरं सांगतात, आमच्या आजोबांचा.
मैदानात उतरताना प्रत्येक पोरगं त्याला हात लावतं.
एकशेवीस किलोची पोरं, बैलासारख्या माना,
आणि हात लावतात असा
जसा तापलेल्या कपाळाला लावावा.
आत काय आहे, मी विचारते.
काय असणार? बोल्ट.
एकदा कोंबडीचं सँडविच निघालं होतं.

तिसऱ्या सत्रात इथे एक डाव मुका खेळतात.
कुणी इशारा देत नाही. ढोल आपसूक थांबतात,
चेंडू उचलला जातो, आणि ऐकू येतं
हेल्मेटवर हेल्मेट,
कुणाचा तरी छातीतून सुटलेला वारा,
नदीपलीकडची मालगाडी.
पाहुणा संघ बावचळतो.
खाण कोसळली तेव्हापासून ही प्रथा,
असं पितळेच्या फलकावर कोरलंय.
डार्लीनची आई सांगायची,
अठ्ठावन्न साली भोंगा बिघडला,
काय झालं म्हणून सगळे वर बघत राहिले,
तेवढ्यात आपला टचडाउन.
मग?
मग काय, पुढच्या शनिवारीही गप्प बसले.

दक्षिण टोकाला ती थांबते,
एक गुडघा टेकते.
तळहाताएवढा पिवळा डाग.
पलीकडे अजून एक.
हे मिस्टर हर्लिही, रसायनशास्त्र शिकवायचे.
हा बहुतेक टकर भावांपैकी एक, मोठा असावा.
मनाई आहे. तशी पाटी आहे.
तरी येतात लोक अंधार पडल्यावर,
कोटाच्या खिशातून, लोकरीच्या मोज्यातून;
एका बाईने तर नवऱ्याला
पॉपकॉर्नच्या पुड्यात आणलं.
राख खारी. मुळं जळतात.
सकाळी ही पांढरे कण बोटांनी वेचते,
अर्धा तास पाणी सोडते, बी टाकते,
वर कुणाला कळवत नाही.
शनिवारी टीव्हीवर हिरवं दिसलं पाहिजे.

अवजारांच्या खोलीत चुन्याच्या पोत्यांशेजारी
फळीवर एक हिरवा थर्मास.
रूडी, ती म्हणते. चार वर्षं झाली.
पंचेचाळीस नंबरचा शर्ट. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला,
मग छत्तीस वर्षं सतरा नंबरला तिकिटं फाडली.
त्याने लिहून ठेवलंय, कुठे, किती यार्डांवर,
नकाशासुद्धा काढलाय.

मला गवत कळतं ना,
ती म्हणते,
तीच अडचण आहे.

मग खालच्या फळीवरून तसाच दुसरा थर्मास काढते,
दोन कप भरते.
मी कपाकडे बघत राहते.
पी, पी. त्याच्यावर चिकटपट्टी आहे.

शनिवारी मी एकतिसाव्या रांगेत.
शेजारी एक म्हातारा, गालावर निळा रंग,
नातवाला सांगत होता की डबा
खरं तर आपल्याच घरातला.
तिसरं सत्र. ढोल थांबले.
तीस हजार तोंडं मिटली.
सगळे चेंडूकडे बघत होते, मी दक्षिण टोकाकडे.
कुंपणाशी पिवळं जाकीट घालून डार्लीन,
मान खाली,
आधीच्या डावात उकरलं गेलेलं ढेकूळ
बुटाच्या टोकाने
परत जागेवर दाबत.