कापून खायची

मे संपत आला तरी सरोवरावरून बर्फाचा वास येत होता.
ऑरिन हापाला कुंपणापलीकडून म्हणाला,
"घाई करू नकोस, आयली.
मातीत हात घाल, मनगटापर्यंत,
आणि वीस मोज.
मधेच हात काढावासा वाटला
तर काकडीलाही तसंच वाटेल."
मी सातवर काढला.

जूनच्या दहा तारखेला एकोणीसपर्यंत गेले,
विसावा पदरचा घातला
आणि बिया टोचल्या.
पाकिटावर लिहिलं होतं : कापून खायची, साठ दिवस.
म्हणजे खारवायची नव्हे,
बरणीत बसून जानेवारीची वाट पाहणारी नव्हे.
आमच्या डुलुथमध्ये असं काही लावणं
हे जरा उधळेपणाचंच.

मांडव म्हणून एमिलची हॉकीची जाळी उभी केली.
तिला उजव्या कोपऱ्यात भोक आहे.
बारा वर्षांचा असताना आपल्याच फटक्यानं पडलं, म्हणतो.
(जाळी जुन्या बाजारातून आणली तेव्हाच होतं.
मी बोलले नाही कधी.)
वेलीनं पहिल्यांदा तेच शोधलं.

जुलैत फुलं आली. पिवळीजर्द, ढीगभर.
फळाचा पत्ता नाही.
"सगळे बाप्ये आहेत," ऑरिन म्हणाला,
"हे नेहमी आधी येऊन नुसते उभे राहतात.
बायका हातातलं आटपून येतील."
आल्या. प्रत्येकीच्या पाठीशी
करंगळीच्या पेराएवढी काकडी,
लव फुटलेली, आधीच बांधून आणलेली.

आणि नेमकं तेव्हा धुकं पडलं.
तीन दिवस बंदरावरचे भोंगे, मधमाशी एकही नाही.
मग पहाटे साडेचारला, बसचालकाच्या गणवेशात,
एका नरफुलाच्या पाकळ्या सोलून
मी दारोदार फिरवलं त्याला.
ऑरिनच्या खिडकीत दिवा होता.
त्यानं पाहिलं असणार. विषय काढला नाही.

पहिली काकडी पुलाजवळ खाल्ली.
खनिजाचं जहाज येत होतं, पूल वर गेलेला,
मागे अकरा प्रवासी, घड्याळं बघणारे.
खिशातला चाकू, कागदी पुडीतलं मीठ.
वास सुटला तशी पुढच्या बाकावरची मुलगी
वही मिटून बघायला लागली.
तिला चकती दिली. मग तिच्या शेजाऱ्याला.
शेंड्याकडचा तुकडा मला उरला, किंचित कडू.
जहाज गेलं.

ऑगस्टभर रोज दोन, रोज तीन.
आज बोटभर दिसते, उद्या विसरलात
तर परवा मनगट.

एमिलला फार्गोला सोडायला गेले
ते चार दिवस लागले.
गादी, दिवा, दुचाकी, एक खुर्ची जी जिन्यात अडकली.
परत आले तर पानांआड
वरवंट्याएवढी एक, पिवळी पडलेली,
जमिनीला पोट टेकून.
आणि वेलीवर नवं फूल नाही.
होती ती बोटभर पिलंही टोकाला सुकत चाललेली.

"काढ ती," ऑरिन म्हणाला. "एक बी पिकू दिलं
की वेलीला वाटतं, झालं आपलं काम."

मी देठ कापला. दोन्ही हातांत धरावी लागली.
स्वयंपाकघरात उभी चिरली :
आत पोकळ, बिया टणक, गर आंबूस.
पाकिटात होतं संकरित बियाणं. ऑरिन म्हणतो,
यातून पुढच्या वर्षी काय उगवेल
ते त्या बियांनाही माहीत नाही.
तरी मूठभर धुऊन वर्तमानपत्रावर पसरल्या.
का, ते विचारू नका.

नऊ दिवसांनी दोन कळ्या.
त्याच रात्री रेडिओनं दंव सांगितलं.
अंगणात विजेरी तोंडात धरून
एमिलची निळी चादर जाळीवर ओढत होते
तेव्हा फोन वाजला.
कोंबडी शिजली की नाही कसं कळतं, त्याला विचारायचं होतं.
मी विजेरी काढून म्हटलं, सुरी खुपसून बघ.
म्हणाला, सुरी आहे, पण कापत नाही.
मग म्हणाला, तू बाहेर आहेस का? दात वाजतायत तुझे.
"आहे," म्हटलं,
आणि चादरीचं टोक भोकातून आत खोचलं.