जागा रिकामी सोडू नये

पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावरून मांडवी दिसते,
आणि कॅसिनोची बोट, दिवसाउजेडी जरा ओशाळलेली.
इथे बसून मी एका लांबच्या देशाचे शब्द सांभाळते.
यादी दर सोमवारी येते.
त्यांची लिपी मला वाचता येत नाही,
वाचायची गरजही पडत नाही.
प्रत्येक शब्दाला क्रमांक, क्रमांकाला वजन,
वजन रेषेच्या वर गेलं
की तिकडे कुणाच्या तरी बोटाखालचं वाक्य
पोचण्याआधीच विरतं.

मी वाईट काम करत नाही.
म्हणजे, काम वाईट करत नाही.
मार्चमध्ये एक चूक मीच शोधली:
आमचं यंत्र पाककृतीसुद्धा अडवत होतं.
आता भाजी सुटते.
अडायचं तेवढंच अडतं.
त्याबद्दल मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह
घरी टीव्हीजवळ आहे, आई रोज पुसते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ग्रासिएतने
चारशे सतराचा अर्थ शोधून काढला.
'मेणबत्ती,' ती म्हणाली.
'कुणीतरी मेलं तिकडे, तुरुंगात.
लोक खिडकीत लावतात.'
तिच्या डब्यातलं सुंगटांचं हुमण तसंच राहिलं.

मग पत्र. दीड पान.
ग्रासिएतने लिहिलेलं, उल्हास केणीने शुद्धलेखन तपासलेलं.
खाली अकरा सह्या,
आणि बारा हा आकडा, पुढे कोरी रेघ.

दुभाषी साहेब वाईट माणूस नाही.
केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.
म्हणाले, आपण नाही केलं तर दुसरा करेल,
आणि तो पाककृतीही अडवेल.
हे खरं आहे.
पंचाईत हीच, की हे खरं आहे.
म्हणाले, त्यांचा देश, त्यांचा कायदा, आपण कोण?
मग अगदी मायेने विचारलं,
फ्लॅटचा हप्ता किती गं तुझा?

माझे आजोबा म्हापशाच्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
पोर्तुगीज अमलात.
लग्नाची पत्रिकासुद्धा आधी शिक्का घेऊन यायची.
निळ्या पेन्सिलीने ओळ खोडली की ती उपसायची,
पण जागा रिकामी सोडायची नाही, असा हुकूम.
इथे काही होतं
हेच वाचणाऱ्याला कळता कामा नये.
तेव्हा आजोबा तिथे
खोकल्याच्या औषधाची जाहिरात बसवायचे.
आमच्याकडे हे अजून हसत सांगतात:
त्या वर्षी अख्खा गोवा खोकत होता!
मीही हसायचे.
परवा पहिल्यांदा विचारलं,
त्या ओळी काय होत्या?
कुणालाच माहीत नाही.
जाहिरात मात्र काकांना तोंडपाठ आहे, किमतीसकट.

त्यांनी काय करायला हवं होतं?
पाच पोरं होती, दारात शिपाई येऊ शकत होता.
माझ्या दारात शिपाई येणार नाही.
हप्ता येतो, पाच तारखेला.
या दोहोंना एका तराजूत घालायला निघाले
आणि माझी मलाच लाज वाटली.

सही केली.
शूर वगैरे काही वाटलं नाही.
वाकडी आली; बँकेने परत केली असती.
दुपारी तीनला नेहमीसारखं काम आलं,
ते घेतलं, चारला संपवलंही.
ग्रासिएतने पाहिलं, काही बोलली नाही.
तिनेही दोन संपवली होती.
साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही.
सोमवार परवा आहे.

संध्याकाळी बेतीला वीज गेली.
धक्क्याजवळच्या गाड्यावर थांबले.
घरी इन्व्हर्टर आहे,
तरी मेणबत्ती मागितली,
अंधारात, जरा मोठ्यानेच.
गाडेवाला सुट्टे पैसे चाचपत होता.
मान वर न करता म्हणाला,
'कितल्यो?'