सोळावर

मे महिन्यात सावद्यात दुपारी
कुणी कुणाच्या दारी जात नाही.
म्हणून स्पर्धा दुपारीच ठेवली.
केळी युनियनचं रिकामं गोडाऊन, दोन कूलर, पाण्याचे आठ जार,
टेबलांवर रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणलेली
आणि पैशांच्या जागी ठिबकचे वॉशर :
काळा एक, लाल पाच, पिवळा पंचवीस.
पैसा नाही म्हणजे जुगार नाही,
असं पोलीस पाटलांनीच जाहीर केलं
आणि तासाभरात सगळे वॉशर घालवून
ते भज्यांच्या कढईपाशी जाऊन बसले.

पत्ते वाटायला हेमांगी भंगाळे.
चार वर्षं गोव्याच्या बोटीवर तिनं हेच केलं.
गाव विचारायचं, पोरगी काय करते तिकडे?
आई सांगायची, हिशेबात आहे.
आज आई पहिल्या खुर्चीवर,
लेकीच्या बोटांवरून नजर हलत नाही.
पत्ता सुटतो, सरकतो, थांबायचा तिथेच थांबतो.
"एकवीसच्या वर गेलात की संपलात, काका.
मी सोळापर्यंत घेणारच, सतरावर थांबणारच.
माझ्या मनाचं इथे काही नाही."

मी मापाडी.
एकतीस वर्षं स्टेशनात वॅगनमध्ये चढणारे घड मोजले.
हमाल बोलतात, इंजिन ओरडतं, पावती उडते,
आकडा चुकत नाही.
पुढे वॅगन बंद झाल्या, मोजणं राहिलं.
जिने. खांब. लग्नातली ताटं.
शालिनीला नेली तेव्हा घरापासून घाटापर्यंतची पावलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

तर गड्डी एकच, बावन्न पत्ते,
आणि माझ्यासारख्या माणसाला
बावन्न म्हणजे एक लहानशी बैलगाडी.

शेवटच्या हाताला आम्ही दोघं.
मी, आणि पालचा याकूब तडवी, ट्रकवाला,
पिवळे वॉशर बरोबरीला बरोबर.
मला दश्शी आणि छक्की : सोळा.
त्याला राणी आणि दुर्री : बारा.
हेमांगीची दश्शी उघडी, दुसरा पालथा.
न दिसलेले आठ.
दोन पंज्या, एक चव्वी, एक तिर्री, एक्का :
हे पाच माझे.
छक्की, राजा, गुलाम :
हे तीन नाहीत.
वॅगनवर असती तर डोळे झाकून सही केली असती.

"घ्या," मी म्हणालो.
इस्पिकचा राजा.
तिनं माझे वॉशर ओढून घेतले, हळू,
बोटीवर असंच शिकवत असतील.

याकूबनं पत्त्यांकडे पाहिलंच नाही,
दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.
"बस झालं, भो. पुरे."
बारावर! मागून कुणीतरी कपाळावर हात मारला.
हेमांगीनं पालथा उलटला : छक्की.
तीही सोळावर, माझ्यासारखी,
फक्त तिला विचार करायची मुभा नव्हती.
तिनं घेतला. किलवर गुलाम.
कूलरचा आवाज तेवढा राहिला.
मग आई एकटीच टाळ्या वाजवू लागली,
लेक हरली होती हे तिच्या ध्यानात नसावं.

बक्षीस टेबलफॅन.
याकूबनं तो मोटरसायकलच्या मागे उभाच बांधला.
"कशावर थांबलास रे?" मी विचारलं.
"तहान लागली होती," तो म्हणाला,
आणि निघाला. वायर मागे लोंबत होती,
विजेवाचून पाती गरागरा फिरत होती
त्या झळांत, पालच्या रस्त्याला लागेपर्यंत.

रात्री गच्चीवर ओली चादर अंगावर घेऊन
पुन्हा मांडलं.
छक्की तिच्या हाताखाली. उरले सात.
सातांत चित्रं दोन,
आणि नेमकी तीच दोन, एकामागे एक, सर्वांत आधी यायची तर
एकवीस वेळांत एकदा.
दोनदा करून पाहिलं. एकवीसच.
एकट्यानं किती वेळ हसलो कोण जाणे,
शेजारचं कुत्रं उठून बसलं.

मग माठातलं पाणी प्यालो,
तांब्या तोंडाला लावून, गटागटा.
घोट मोजले नाहीत.
सात असतील.