मसुद्यात तोटी

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर पडदे ओढून
बसलोय आम्ही चव्वेचाळीस जण.
बाहेर ग्वाल्हेरची लू,
आत मला शाल आणायला हवी होती असं वाटतंय.
भिंतीवर राष्ट्रीय धोरणाचा मसुदा:
गुणवत्ता, समता, उत्तरदायित्व.
शब्द धुतलेले, इस्त्री केलेले,
अजून कुणाच्या अंगाला न लागलेले.

तीन देशांचे पाहुणे आलेत शिकायला,
की शिकवायला, ते सकाळपासून ठरत नाहीये.
माझ्या नावापुढे लिहिलंय
इंदापूरकर शुभदा, निवृत्त परिचारिका, क्षेत्रीय अनुभव.
कंपूतल्या बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं उभी होते,
त्याला क्षेत्र म्हणतात होय!

पडद्यावर आकडा येतो:
हात धुण्याचं प्रमाण, शेकडा त्र्याण्णव.
माना डोलतात.
त्या त्र्याण्णवातल्या किती खुणा माझ्या आहेत
हे मला एकटीला ठाऊक.
वॉर्ड सहाची तोटी अकरा महिने कोरडी होती.
रामदीन कुशवाह खालून बादली आणायचा,
कधी बादलीला उशीर, कधी बाळाला घाई.
रात्री ड्यूटी संपताना
तक्त्यात मी निळ्या पेनानं ओळीनं बरोबर, बरोबर, बरोबर.
रिकामा रकाना दिसला की
मेट्रन नळाला नाही, मला विचारायची.

डबऱ्याची पुष्पा जाटव, दुसरं बाळंतपण,
पाचव्या दिवशी ताप.
तो पाण्यामुळेच आला असं मी म्हणत नाही.
नाही, असंही म्हणत नाही.

तेवढ्यात मलावीच्या फिरीबाई हात वर करतात.
त्या मुळात सुईण.
दुभाषा त्यांचं बोलणं हिंदीत आणतो, मी मनात मराठीत:
आमच्याकडेही एक नळ आहे.
तो दुरुस्त कोण करतं, हे यात कुठल्या पानावर?
अध्यक्ष हसून म्हणतात, तो बांधकाम खात्याचा विषय.
चहा येतो.

मसुदा टंकणारा मुलगा माझ्याजवळ वाकतो,
आंटी, टोंटी को क्या लिखें?
स्वतःच लिहितो, कार्यशील जलस्रोत.
मी म्हणते, पूस ते.
तोटी लिही. टोंटी लिही. नळ लिही,
ज्याला तहान लागते त्याला कळेल असं काहीही लिही.
खाली एका माणसाचं नाव, त्याचा नंबर,
किती दिवसांत येईल तो आकडा.
आणि लिही, की रकान्यात
‘आज पाणी नव्हतं’ असं खरं लिहिणाऱ्या बाईला
कारणे दाखवा नोटीस येणार नाही.
त्याची बोटं थांबतात.
आंटी, ये कौन से कलम में जाएगा?
मला कुठं माहीत.
चार म्हणाले. चारमध्ये जागा होती.

जेवणाआधी प्रसाधनगृहात
हात नुसता पुढे केला तर पाणी आपोआप येतं.
मी दचकते.
शेजारच्या बेसिनवर फिरीबाई.
दोघी बांगड्या-घड्याळं काढून ठेवतो
आणि कोपरापर्यंत हात धुतो,
बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून,
वरणभात खायच्या आधी कुणी धूत नाही तसे.
आरशात एकमेकींना पकडतो.
त्या त्यांच्या भाषेत आकडे मोजतायत,
मी माझ्या.
मधेच पाणी आपोआप बंद होतं.
दोघी तशाच उभ्या, हात वर धरून.