पट्टी

निगोंबोच्या चर्चमागच्या शाळेत
शिरोमी टिसेरा पहिल्यांदा गायली
तेव्हा पट्टी होती काळी पाच,
आणि मी ऑर्गनचा भाता मारणारा पोरगा.

मग कॅसेट. मग कोलंबोचा रेडिओ.
त्या वर्षी मासळीबाजारात
सुरमईवर सुरे पडायचे ते तिच्या ठेक्यात,
कंडक्टर सुट्टे पैसे तिच्याच तालात खुळखुळवायचे.
तीन मिनिटं वीस सेकंदांचं एक गाणं.
कॅसेटवरची बाकीची सात कुणी ऐकली नाहीत.
मी ऐकली. मीच वाजवली होती.

मुलगी झाल्यावर काळी चार.
कर्फ्यूच्या दिवसांत
संध्याकाळची लग्नं भर दुपारी उरकायची,
ओघळलेल्या काजळानिशी ती उभी राहायची
आणि तेच गाणं. पांढरी पाच.

एकदा दोहाला, कामगारांच्या वस्तीत,
बाराशे पुरुष.
कडव्यापर्यंत पोचूच दिलं नाही तिला;
त्यांनीच म्हटलं, रडत, बेसूर.
ती माइक खाली धरून ऐकत राहिली.

काल हॉटेलात जर्मन म्हातारे जेवत होते.
माझ्याकडे न बघता
तिने दोन बोटं जमिनीकडे केली.
मी बटण दोनदा दाबलं. पांढरी चार.
टाळ्या आल्या, काट्या-चमच्यांतून वाट काढत.

रिक्षात म्हणाली,
“आणखी किती उतरायचं रे, क्लेरन्स?”
मी म्हटलं, खाली अख्खं सप्तक पडलंय.
ती काही बोलली नाही.

वाटेत कोळंबी घ्यायला थांबलो.
भावावरून अशी कडाडली त्या पोरावर,
मी सवयीने मांडीवर बोट ठेवून पाहिलं:
काळी पाच.