घरला

राजारामपुरी, आठवी गल्ली, चष्म्याच्या दुकानावर.
वीस खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या.
रविवारी सकाळी सातला मी रेकॉर्डिंग लावते:
एक बाई एका माणसाला
खोलीचं भाडं सांगते आहे.
फिफ्टीन की फिफ्टी, एवढंच लिहायचं.
नेमकी तेव्हाच खाली घंटागाडी येते,
ओला कचरा, सुका कचरा.
एकदाच ऐकवतात, मी म्हणते, परत नाही.
सगळी पोरं खिडकीकडे बघतात,
घंटागाडीनंच उत्तर नेल्यासारखी.

विद्यापीठातून येतात. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र,
एक जण तर रेशीमकिड्यांवर काम करणारा.
निलोफर मुजावर मुक्या अक्षरांवर चिडते:
बोलायचंच नाही तर लिहायचं कशाला, मॅडम?
मी म्हणते, घरात न बोलणारी माणसंही
रेशनकार्डावर असतातच की.
ती हसत नाही. वहीत 'नाइफ' लिहिते,
आणि 'के'खाली एक रेघ ओढते.

'दि' शिकवायला तीन आठवडे जातात.
आपल्या भाषेत ती वस्तूच नाही.
पंचगंगेला लागतो, रंकाळ्याला नाही.
का, मॅडम?
वाहत्याला लागतो, साचलेल्याला नाही.
हे मीच रचलंय, कुठल्या पुस्तकात नाही,
समुद्राशी आलं की मोडतं.
पण कोल्हापुरात समुद्र कुठंय?

सुकुमार मगदूमच्या आईचा फोन आला.
पोराला किती बँड लागतोय म्हणं?
साडेसहा, म्हटलं.
सहा जण ठीक, पण अर्धा कोण वाजवतो?

तो सुकुमार माझ्यासमोर बसला,
सराव परीक्षेत, हातात कार्ड:
ज्याच्या कामाचा आदर वाटतो अशा माणसाबद्दल
दोन मिनिटं बोला.
चाळीस सेकंदांत संपला.
परीक्षकानं गप्प बसायचं असतं, हसायचंही नसतं.
घड्याळ चाललंय. तो टेबलाच्या कडेला नख घासतोय.
शेवटी मीच नियम मोडला: काय करतात रे वडील?
मोल्डर हैत, शिरोलीला.
म्हणजे नक्की काय करतात?
आणि मग त्याच्या तोंडून घरंगळत आले
मोल्ड, कोअर, रनर, रायझर, लेडल.
अरे, हे सगळं इंग्रजीच आहे की!
व्हय? मला वाटलं, कारखान्याचं हाय.

मग तो बोलला. मोडकंतोडकं, क्रियापदं वाटेत सांडत,
वितळलेलं लोखंड ओतताना पप्पा श्वास कसा धरतात,
आणि साचा भरेस्तोवर सोडत नाहीत.
साडेतीन मिनिटं. मी घड्याळ पालथं ठेवलं होतं.
गुण दिले नाहीत. कोणत्या रकान्यात द्यायचे?

एक चूक मात्र प्रत्येक बॅचला असते.
आय वॉन्ट टु गो टु होम.
होमला 'टू' लागत नाही, मी फळ्यावर लिहिते,
खाली दोन रेघा मारते.
मराठीत बघा, गावाला जातो, बाजाराला जातो,
पण घराला जातो म्हणतो का आपण? घरी जातो. तसंच.
मागच्या बाकावरून आवाज येतो:
आम्ही घरलाच जातो, मॅडम.
सगळा वर्ग हसतो. मीही हसते.
माझंही माहेर कागलचं,
मला काय ठाऊक नाही घरला?

जानेवारीत सुकुमारचा मेसेज आला,
दुपारी चारलाच अंधार पडतो अशा एका शहरातून.
मॅडम, 'दि' आता आपोआप येतो.
फिफ्टीन-फिफ्टी पण कळतं, भाडं फिफ्टी नाही, लई जास्त हाय.
फक्त घरला जायचं म्हणताना
मुद्दाम 'टू' लावतो.
मधी लई अंतर हाय.

बरोबर आहे, असं लिहून पुसलं.
चूक आहे, असं लिहून पुसलं.
शेवटी विचारलं, जेवलास का.

पुढच्या रविवारी नवी बॅच.
एका मुलीनं निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं तेच वाक्य,
गो टु होम, ठळक, गोल अक्षरात.
लाल पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
ठिपका पसरत गेला.
मग खोडला 'टू'.
तिला सात हवेत.