क्लच

बाबांनी चेतक विकली,
सक्करदऱ्याच्या एका गॅरेजवाल्याला.
नवी गाडी बिनागियरची.
पण डाव्या हाताला हे कोणी कळवलंच नाही.
व्हरायटी चौकात सिग्नल सुटला की
तो हात क्लच दाबतो,
आणि क्लचच्या जागी आता ब्रेक.
गाडी जागच्या जागी मुंडी हलवते.
मागचा ऑटोवाला म्हणतो,
"काय काका, शिकून राहिले का?"
मी मागच्या सीटवर हसायचे,
हेल्मेटच्या आतल्या आत.

मग मेमध्ये, मिहानच्या ऑफिसातून
मला नवा लॅपटॉप आला.
राखाडी, पातळ, बाजूला भोकंच नाहीत;
पेन ड्राइव्ह कुठे लावायचा तेही विचारावं लागलं.
जुन्यावर कंट्रोल होतं डाव्या कोपऱ्यात,
करंगळी नऊ वर्षं तिथेच राहायची
बिनभाड्याची.
आता तिचं सगळं काम अंगठ्याकडे गेलं,
ज्याला स्पेसबारपलीकडचं जग
ठाऊकच नव्हतं.

प्रज्वल टेंभुर्णेनं पिवळ्या चिठ्ठ्या लिहून दिल्या.
ओळ वर न्यायची अशी, पुसायची अशी,
एकच नाव अठरा जागी पकडायचं असं.
"माऊसला हात नका लावू मॅडम, अकरा दिवस.
मग जमते आपोआप."
कूलरच्या ओल्या वाऱ्यानं डिंक सुटला,
चिठ्ठ्या एकेक करून
टेबलाखाली गेल्या.

चौथ्या दिवशी एक टॅब बंद करायला गेले
आणि बोट शेजारी पडलं.
डब्ल्यूच्या बाजूला क्यू राहतो
हे मला शाळेपासून माहीत,
तो एवढा तापट असेल असं वाटलं नव्हतं.
एडिटर मिटला. उघड्या सतरा फाइली मिटल्या.
स्क्रीनवर नुसता कुठला तरी बर्फाचा डोंगर,
आणि बाहेर सेहेचाळीस डिग्री.
तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.
आतल्या खोलीतून बाबा म्हणाले,
"क्लच दाबला का?"

कधी जमलं, कळलं नाही.
अकराव्या दिवशी तर नक्कीच नाही.
जूनमध्ये एका नव्या पोरीनं विचारलं,
मॅडम, ही ओळ वर कशी नेली?
मला सांगता येईना.
हात टेबलावर ठेवला,
बोटं काय करतात ते पाहिलं
आणि तिला वाचून दाखवलं.

परवा गॅरेजवाल्याचा फोन.
चेतकच्या कागदाची कॉपी पाहिजे होती
आणि ती होती जुन्या लॅपटॉपवर.
उघडला. ए आणि एसची अक्षरं झिजलेली,
माझ्याच नखांनी.
फाइल शोधायला अंगठा दाबला,
काहीच झालं नाही. पुन्हा दाबला.
करंगळी नुसतीच उचललेली,
चहाचा कप धरल्यासारखी.

बाबा खुर्चीमागे उभे,
डावी मूठ हवेत उगाच फिरवत,
पहिला, न्यूट्रल, दुसरा.
"सापडला का कागद?"
थांबा बाबा,
हात शोधून राहिला.